एस्पोझितो : आडनाव-कोशाच्या इटली विभागाच्या कामाच्या नोंदी

2 जून 2025

इटली विभाग माझ्याकडे आला. संपादकताईंनी पाच आडनावांची यादी धाडली आहे : रोस्सी, रुस्सो, फेर्रारी, एस्पोझितो, ब्यांकी. इटलीत सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांची यादी काढली की वरचे पाच साधारण हेच असतात. यातली चार सरळ आहेत. रोस्सी आणि रुस्सो म्हणजे तांबड्या केसांचा किंवा तांबूस वर्णाचा, एक उत्तरेकडचं रूप, दुसरं दक्षिणेकडचं. फेर्रारी लोहाराचं. ब्यांकी गोऱ्याचं. अशी नावं गावोगाव आपापली उगवतात, कुणी कुणाला देत नाही.

एस्पोझितोचं तसं नाही. हे नाव दिलं गेलं. कुणी दिलं, कुठे, कोणत्या वहीत, हेही बरंचसं ठाऊक आहे. म्हणून सुरुवात यापासून.

उच्चार आणि लेखन लगेच ठरवून टाकलं. प्रमाण इटालियनमध्ये मधला स झकडे झुकतो, नेपल्सचे लोक स्वच्छ स म्हणतात. आघात ‘पो’वर. अमेरिकेत गेलेल्यांनी तो पुढे ‘सी’वर ढकलला. शीर्षक ‘एस्पोझितो’, ‘एस्पोसितो’ आणि ‘एस्पोसिटो’ शोधणाऱ्यालाही हेच पान मिळेल अशी सोय.

5 जून

व्युत्पत्तीचा परिच्छेद झाला. चार ओळींत आटोपला, कारण त्यात वाद नाही. लॅटिन ‘एक्स्पोझितुस’, म्हणजे बाहेर ठेवलेला. उघड्यावर, दाराशी, पायरीवर ठेवून दिलेलं मूल. नेपल्समध्ये ‘सांता काझा देल्लानुंत्सियाता’ (थोडक्यात आनुंत्सियाता) या धर्मसंस्थेच्या दारात अशी मुलं ठेवली जात आणि त्यांना हे आडनाव मिळे. संस्था चौदाव्या शतकातली. चर्च, रुग्णालय, अनाथालय, मुलींच्या हुंड्याचा निधी, सगळा एकत्र कारभार. 1757च्या आगीनंतर चर्च पुन्हा बांधायचं काम लुइजी वान्वितेल्लीकडे गेलं, काझेर्ताचा राजवाडा बांधणारा तोच हा.

एक गोष्ट पहिल्याच परिच्छेदात यायला हवी, नाहीतर वाचक चुकीच्या सुराने पुढे वाचेल. नेपल्समध्ये या मुलांना ‘मादोन्नाची लेकरं’, म्हणजे मेरीमातेची लेकरं, म्हणत. मागे कुजबूज होत नसेल असं नाही. पण संस्थेचा शिक्का असलेलं मूल देवाघरचं, असाही एक भाव होता. नुसतं ‘बेवारस मुलांचं आडनाव’ लिहिलं तर ही अर्धी बाजू गळते.

9 जून

आजचा दिवस ‘रुओता’वर गेला. कोशाच्या नोंदीत याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवतो.

रुओता म्हणजे चाक, पण डोळ्यांपुढे गाडीचं चाक आणू नये. भिंतीत बसवलेलं उभं लाकडी पिंप, आसाभोवती फिरणारं, एका बाजूने कापून उघडं ठेवलेलं. उघडी बाजू रस्त्याकडे असते. आणणारी व्यक्ती मूल आत ठेवते, पिंप फिरवते, घंटी वाजवते आणि निघून जाते. फिरलेलं पिंप आता खोलीच्या बाजूने उघडं. आत पाळीवर बसलेली बाई मूल उचलते. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहायचं नाही, ही सगळी रचना त्यासाठीच. नेपल्सच्या फोर्चेल्ला भागात चर्चच्या दाराशेजारी ते आजही पाहायला मिळतं.

आत घेतल्यावर मुलाला धुवून पुसून गळ्यात दोरा बांधत, दोऱ्याला शिशाची चकती. मग वही. आलेली वेळ, अंदाजे वय, अंगावरचं कापड, बाप्तिस्मा झाल्याची चिठ्ठी आहे का, सोबत काही खूण आहे का. खुणा म्हणजे अर्धं मोडलेलं नाणं, फाडलेलं पत्त्याचं पान, पदकाचा तुकडा. दुसरा अर्धा भाग आईबापाकडे. उद्या दिवस पालटले तर तो घेऊन यायचं आणि जुळवून मूल परत न्यायचं. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात अशा खुणा छोट्या खणांत मांडून ठेवल्या आहेत. ज्या तिथे आहेत, त्यांचे दुसरे अर्धे कधी आले नाहीत.

या पद्धतीची उगमकथा रोमला जाते. टायबर नदीत कोळ्यांच्या जाळ्यात मेलेली अर्भकं सापडू लागली, म्हणून पोप इनोसंट तिसरे यांनी 1198 साली सांतो स्पिरितो रुग्णालयात चाक बसवायला लावलं, अशी ती आख्यायिका. कोशात ‘आख्यायिका’ या शब्दासकट जाईल.

12 जून

ताईंचा फोन. त्यांचा प्रश्न रास्त होता : “अरे, टाकलेली मुलं युरोपभर होती. मग नेपल्सच्याच मुलांचं आडनाव एवढं का फोफावलं?”

माझं उत्तर तीन भागांत. एक, चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत चाललेली एकच अवाढव्य संस्था, आणि शहरही अवाढव्य. एकोणिसाव्या शतकात आनुंत्सियातामध्ये वर्षाला दोनएक हजार मुलं येत होती. दोन, पुढे बंदी येईपर्यंत सगळ्यांना एकच आडनाव. तीन, मुलं शहरात राहत नसत. संस्थेतल्या अंगावर पाजणाऱ्या दाया पुरत नसत, म्हणून बरीचशी मुलं पगार देऊन आसपासच्या खेड्यांतल्या दायांकडे धाडत. जी जगत, त्यातली कित्येक तिथेच शेतीकामाला लागत, तिथेच लग्न करत. आडनाव शहरात छापलं गेलं आणि रुजलं कांपानियाच्या, म्हणजे नेपल्सभोवतालच्या प्रांताच्या, खेड्यांत.

“जी जगत” हे दोन शब्द सहज लिहून गेलो. युरोपातल्या अशा मोठ्या संस्थांमध्ये निम्म्याहून अधिक बालकं पहिलं वर्ष ओलांडत नसत. म्हणजे आज दिसणारे एस्पोझितो हे त्या वह्यांमधल्या नावांचा लहानसा उरलेला भाग आहेत. त्यातही फक्त मुलग्यांचा. इटलीत बाईचं आडनाव लग्नानंतरही तिचंच राहतं, पण मुलांना बापाचं लागे. मुलगी एस्पोझितो म्हणून जगली, एस्पोझितो म्हणूनच गेली, आणि आडनाव तिच्याबरोबर थांबलं.

13 जून

कालच्याला जोडून. आडनावं कागदावर पक्की व्हायला चर्चचाही हात लागला. त्रेंतोच्या धर्मपरिषदेने 1563मध्ये प्रत्येक पॅरिशने, म्हणजे स्थानिक चर्चने, विवाहाची वही ठेवावी असं ठरवलं, बाप्तिस्म्याच्या वह्यांनाही जोर आला. वही आली की रकाना आला, आणि रकाना रिकामा ठेवता येत नाही. बापाचं नाव नसलेल्या मुलासाठी कारकुनाला काहीतरी लिहावंच लागणार.

16 जून

नकाशाचं काम. नकाशे करणारा मित्र आज बसला होता. एस्पोझितोचा नकाशा अपेक्षेप्रमाणे : कांपानियावर गडद डाग, नेपल्सच्या आखाताभोवती सर्वांत गडद, उत्तरेकडे कारखान्यांच्या शहरांत फिकट ठिपके. ते ठिपके विसाव्या शतकातल्या स्थलांतराचे. दक्षिणेतली माणसं तुरिन-मिलानला कामाला गेली, आडनाव बरोबर गेलं.

मग त्याला म्हटलं, यावरच टाकलेल्या मुलांची बाकीची आडनावंही चढव. त्याने चढवली आणि खरी गंमत तिथे दिसली.

लोंबार्दीत कोलंबो. मिलानच्या ‘ओस्पेदाले माज्जोरे’ या 1456मध्ये स्थापन झालेल्या रुग्णालयाचं चिन्ह कबुतर, कबुतर म्हणजे कोलंबा. तिथल्या मुलांना 1825पर्यंत हे आडनाव दिलं जाई. तोस्कानात इन्नोचेंती, देल्यिन्नोचेंती, नोचेंतीनी : हे फ्लॉरेन्सच्या ‘ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती’वरून. ती वास्तुकार ब्रुनेल्लेस्कीची इमारत, काम 1419मध्ये सुरू झालं. 5 फेब्रुवारी 1445ला पहिली मुलगी आली, तिचं नाव आगाता स्मेराल्दा ठेवलं. दर्शनी कमानींच्या वर शिल्पकार आंद्रेया देल्ला रोब्बियाची दुपट्यात गुंडाळलेली निळी-पांढरी बाळं आहेत, ती बहुतेकांनी फोटोत पाहिलेली असतात. रोम आणि भोवती प्रोयेत्ती, म्हणजे फेकलेले. बोलोन्याकडे देल्यी एस्पोस्ती. सिसिलीत त्रोवातो, म्हणजे सापडलेला. सियेनाकडे देल्ला स्काला, सांता मारिया देल्ला स्काला रुग्णालयावरून.

आडनावांचा नकाशा म्हणून काढला आणि निघाला मध्ययुगीन रुग्णालयांचा. प्रत्येक डागाच्या मध्यावर एक इमारत आहे, आणि बहुतेक इमारती अजून उभ्या आहेत. हा नकाशा नोंदीत हवाच. ताई जागेचं रडगाणं गातील, पण यावर मी हटणार नाही.

सावधगिरीची टीप नकाशाखाली : कोलंबो हे नाव या रुग्णालयाच्या आधीपासूनही स्वतंत्रपणे चालत होतं. दर्यावर्दी कोलंबस जेनोव्हाचा, त्याचा मिलानच्या कबुतराशी काही संबंध नाही.

17 जून

व्हेनिस कालच्या नकाशात का दिसत नाही, असं मित्राने विचारलं. तिथली टाकलेल्या मुलांना सांभाळणारी ‘पिएता’ संस्था मुलींना आडनावच देत नसे. ज्या गाण्या-वाजवण्यात तयार होत, त्या वाद्यावरून ओळखल्या जात : आन्ना मारिया दाल व्हिओलिन, म्हणजे व्हायोलिनवाली आन्ना मारिया. 1703पासून तिथे संगीतकार व्हिवाल्दी शिकवत होता. त्याच्या कितीतरी रचना या आडनाव नसलेल्या मुलींसाठी लिहिलेल्या आहेत. वाद्य मुलांना वारशाने जात नाही, म्हणून नकाशावर व्हेनिस कोरं.

आणखी एक जाता जाता, आपल्याकडच्या वाचकासाठी. इन्नोचेंती हे आडनाव भारतात स्कूटरवरून आलं. लॅम्ब्रेटा काढणारा फेर्दिनांदो इन्नोचेंती मूळचा तोस्कानातल्या पेश्याचा. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने पुढे तीच लॅम्ब्रेटा इथे बनवली. त्याच्या घराण्याचा रुग्णालयाशी संबंध होता असं मी लिहिणार नाही, नुसत्या आडनावावरून तसं म्हणता येत नाही. पण आडनाव त्या पंक्तीतलं.

20 जून

बंदीचा भाग. इथे मला जरा थांबावं लागलं, कारण बाजू कुणाची घ्यायची हे ठरत नव्हतं.

नेपोलियनचा मेहुणा जोआकिम म्युरा 1808 ते 1815 नेपल्सचा राजा होता. त्याच्या राजवटीत मुलांना एस्पोझितो हे आडनाव द्यायला मनाई झाली. हेतू चांगला : आडनाव ऐकताच जन्माची चौकशी व्हायला नको. त्याच काळात, 1809पासून, नेपल्सच्या राज्यात नागरी नोंदणी सुरू झाली. जन्म चर्चच्या वहीतून सरकारी वहीत गेला. म्युराच्या आधीचं बूर्बों राजघराणं परत आलं तरी ही नोंदणी त्याने मोडली नाही.

पुढे काय झालं? कारकुनांनी आडनावं शोधून काढायला सुरुवात केली. कुठे महिन्यावरून, कुठे संताच्या सणावरून, कुठे फुलाफळांवरून, कुठे वर्णाक्षराच्या क्रमाने. मूल कलंकातून सुटलं हे खरं. पण एस्पोझितोची खापरपणतवंडं आज निदान एका दाराशी येऊन उभी राहू शकतात. महिन्याचं नाव आडनाव म्हणून मिळालेल्याला आपण शोध कुठे घ्यायचा हेच कळत नाही.

दोन्ही बाजू लिहिल्या. मला विचाराल तर बंदी योग्य होती. वंशावळ शोधणाऱ्यांची सोय हा मुलाच्या शाळेतल्या दिवसांपेक्षा मोठा मुद्दा नाही.

21 जून

इटालियन राज्य अभिलेखागारांच्या ‘आंतेनाती’ या संकेतस्थळावर एका छोट्या दक्षिणी गावाच्या जन्मवह्या पाहत बसलो. फुकट आहे, पानंच्या पानं छायाचित्रांत उपलब्ध. छापील नमुना, रिकाम्या जागा शाईने भरलेल्या. सुरुवात दर पानावर तीच : ‘लान्नो मिल्ले ओत्तोचेंतो…’, म्हणजे सन अठराशे अमुक.

नेहमीच्या पानावर बाप येतो आणि मूल दाखवतो. टाकलेल्या मुलाच्या पानावर एक बाई येते. ती सरकारमान्य, चाकाशी मुलं घ्यायला नेमलेली. ती अधिकाऱ्यापुढे मूल ठेवते आणि किती वाजता सापडलं ते सांगते. मग कपड्यांचं वर्णन येतं. जुन्या चादरीचा तुकडा, पांढरी टोपी, फीत. दर पानावर कपडे का, याचं कारण कायद्यात आहे. नेपोलियनच्या नागरी संहितेचं कलम 58 सांगतं की सापडलेलं अर्भक अधिकाऱ्याकडे आणावं, सोबतचे कपडे आणि वस्तू दाखवाव्यात, वेळ आणि जागा सांगावी. आईबापाचे रकाने रिकामे असल्यामुळे पानावर सर्वांत तपशिलाने लिहिलेली गोष्ट म्हणजे टोपी आणि फीत.

शेवटच्या ओळीत अधिकारी नाव देतो. काही वेळा लागोपाठच्या नोंदींमध्ये आडनावं एकाच अक्षराची. कालच्या नोंदीतली वर्णाक्षराची गोष्ट इथे डोळ्यांनी पाहायला मिळाली.

22 जून

नेपल्सचं चाक बंद झाल्याला आज 150 वर्षं झाली : 22 जून 1875. मुद्दाम जुळवलेलं नाही, कामाच्या ओघात तारीख आली.

बंद का केलं? पैसा हे मोठं कारण. चाक निनावी असल्यामुळे लग्नाच्या जोडप्यांची मुलंही त्यात येत. मिलानला हे इतकं वाढलं होतं की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शहरात जन्मलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश अनाथालयात जात, आणि त्यातली पुष्कळशी विवाहित कामगार जोडप्यांची होती. आई दिवसभर गिरणीत, दूधपित्या बाळाला संस्थेची दाई, बाळ मोठं झालं की परत घरी. म्हणजे खुणेचं नाणं तिथे भावनेचा मामला कमी आणि पावती जास्त. मिलानने 1868मध्ये चाक बंद केलं, फ्लॉरेन्स आणि नेपल्सने 1875मध्ये. चाक बंद झालं तरी मुलं यायची थांबली नाहीत, फक्त आता ती हातोहात द्यावी लागत, म्हणजे तोंड दाखवावं लागे. देशभरातली चाकं नियमाने रद्द व्हायला 1923 उजाडलं.

यामुळे नोंदीत एक वाक्य वाढलं : एस्पोझितो पूर्वज म्हणजे कुमारी मातेचं मूल, असं गृहीत धरू नये. गरिबीने ठेवलेलं औरस मूलही तेवढंच शक्य.

26 जून

प्रसिद्ध व्यक्तींची यादी. ताईंचा दंडक : पाचच्या आत.

फिल एस्पोझितो, आइस हॉकीपटू, कॅनडातल्या सू सेंट मरीचा. 1968–69च्या मोसमात 126 गुण, नॅशनल हॉकी लीगमध्ये शंभरी ओलांडणारा पहिला. धाकटा भाऊ टोनी गोलरक्षक, तोही त्याच तोलाचा. जानकार्लो एस्पोझितो, अभिनेता : वडील नेपल्सचे, आई आफ्रिकन-अमेरिकन, जन्म कोपनहेगनचा. रफाएले एस्पोझितो, नेपल्सचा पिझ्झावाला, 1889ला राणी मार्गेरितासाठी पिझ्झा केल्याची गोष्ट ज्याच्या नावावर आहे. त्या गोष्टीच्या कागदपत्रांवर इतिहासकार शंका घेतात, म्हणून ‘असं सांगतात’ या शेपटीसह. गंमत म्हणजे त्याच्या दुकानावर आज त्याचं आडनाव नाहीच. पाटीवर बायकोच्या माहेरचं ब्रांदी आहे.

फुटबॉलवाल्यांसाठी कास्तेल्लाम्मारे दि स्ताबियाचे तीन एस्पोझितो भाऊ हवे होते, पण पाचाचा दंडक. टोनीला फिलच्या ओळीत बसवून मधल्या सेबास्तियानोला जागा काढली.

विदेशातला प्रसार दोन ओळींत : 1880 ते 1924 या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत गेले, त्यात बहुसंख्य दक्षिणेचे. एस्पोझितो त्या लाटेवर गेलं.

30 जून

पहिला मसुदा वाचायला दिला होता. एका वाचकाची शेरेवजा तक्रार : “म्हणजे सगळे एस्पोझितो एकमेकांचे नातेवाईक?” हा प्रश्न कोश वाचणारा प्रत्येकजण विचारणार, म्हणून ठळक टीप घातली. सातारकर आडनावाच्या दोन माणसांचं गाव एक असेल, रक्त एक असेलच असं नाही. एस्पोझितोचं तसंच, फक्त गावाच्या जागी दरवाजा. दरवाजातून आलेल्या प्रत्येक मुलापासून नवं घराणं सुरू झालं. एकाच रात्री आलेली दोन मुलं एस्पोझितो झाली आणि त्यांचा काही संबंध नव्हता. उलट सख्खे भाऊ वेगवेगळ्या वर्षी, बंदीच्या अलीकडे-पलीकडे आले असतील तर आडनावं निराळी.

शिवाय सोरेंतोच्या बाजूचं देस्पोझितो, शिवाय स्पोझितो, एस्पोस्तो. ही रूपं मूळ नोंदीखालीच ठेवली, वेगळी पानं नाहीत.

3 जुलै

कायद्याचा परिच्छेद, शेवटचा. म्युराच्या मनाईचा आशय आज इटालियन कायद्यात आहे. 2000 सालच्या नागरी नोंदणी नियमांचं कलम 34 सांगतं : आईबाप अज्ञात असलेल्या मुलाला त्याचं मूळ उघड होईल असं नाव किंवा आडनाव द्यायचं नाही. ऐतिहासिक महत्त्वाचं किंवा त्या भागात प्रसिद्ध असलेल्या घराण्याचंही नाही. आईला रुग्णालयात आपलं नाव न सांगता बाळंत होता येतं. तेव्हा मुलाला नाव द्यायचं काम आजही नोंदणी अधिकाऱ्याकडे येतं. फक्त एस्पोझितो लिहिण्याची मुभा त्याला नाही.

म्हणजे आडनावाचा झरा बंद आहे आणि आता जी वाढ ती कुटुंबांतूनच. तिथेही एक नवा बदल. 2022मध्ये इटलीच्या घटना न्यायालयाने मुलाला आपोआप बापाचंच आडनाव लागण्याचा नियम घटनाबाह्य ठरवला. आता दोघांचीही आडनावं, दोघांनी ठरवलेल्या क्रमाने. एकच ठेवायचं असेल तर दोघांच्या संमतीने. 12 जूनच्या नोंदीत लिहिलेली मुलींकडची वाट यामुळे उघडली. आई एस्पोझितो असेल तर मूलही एस्पोझितो असू शकतं, मागे किंवा पुढे दुसरं आडनाव लावून.

ताईंनी हे ‘प्रसार’ विभागात शेवटी घालायला सांगितलं, घातलं. नकाशा अर्ध्या पानाचा मंजूर झाला. मित्राला रंग थोडे गडद करायला सांगितलं आहे, छापल्यावर इन्नोचेंती आणि प्रोयेत्ती एकमेकांत मिसळतात. कोलंबोला स्वतंत्र नोंद हवी, तशी मागणी यादीत टाकली. उद्यापासून रुस्सो.